बर्फाची वाट जयपूरच्या पायऱ्यांवरून

डिसेंबरातली सकाळ. जयपूरच्या जुन्या शहरावर अजून धुके रेंगाळते आहे. चहाच्या टपऱ्यांवर आले ठेचल्याचा वास सुटला आहे आणि शाली लपेटलेली माणसे शेकोटीभोवती हात शेकत बसली आहेत. शहराच्या उत्तरेला, अरवलीच्या टेकडीवर मात्र जाग आलेली असते. गढगणेशाच्या पायऱ्या चढणाऱ्यांची रांग लागलेली असते. त्यात नवस फेडायला आलेल्या सासवा-सुना असतात, रोज व्यायामासाठी येणारे आजोबा असतात. आणि एखाद्या सकाळी पाठीवर गच्च भरलेली सॅक घेऊन चढणारी तरुण मुलेही भेटतात. त्यांना देवदर्शन तर घ्यायचे असतेच, पण मनात असतो हिमालयातला बर्फ.

वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या शहरात राहून बर्फाच्या वाटेची तयारी करायची, हे ऐकायला विचित्र वाटते. पण थोडा विचार केला, तर हिवाळी पदभ्रमणाचे बरेचसे धडे या शहरातच मिळतात, हे पटते.

सोंड नसलेला गणपती

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले. गढगणेशाचे मंदिरही त्यांनीच बांधले. इथली मूर्ती बालरूपातली, सोंड नसलेली आहे. मराठी माणसाला हे पाहून नवल वाटल्याशिवाय राहत नाही. मंदिरात छायाचित्र घेऊ देत नाहीत, त्यामुळे हे रूप प्रत्यक्षच पाहावे लागते. वर्षाच्या दिवसांइतक्या, म्हणजे ३६५ पायऱ्या आहेत, असे इथले लोक कौतुकाने सांगतात. माथ्यावरून एका बाजूला जुने शहर, दुसरीकडे नाहरगड आणि खाली गैटोरच्या राजघराण्यातील छत्र्या दिसतात.

पदभ्रमणाची सुरुवात इथून करण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे हाताशी असावेत. पहिले पंधरा दिवस रिकाम्या हाताने चढावे. मग पाठीवर दोन-तीन किलो वजन घ्यावे आणि हळूहळू ते सहा-सात किलोंपर्यंत न्यावे. नवे बूट बर्फात प्रथमच घालणे म्हणजे पायाला फोड येणारच. ते इथेच मळवून मऊ करावेत. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. म्हणून उतरण्याचा सरावही तितकाच महत्त्वाचा.

पुढची पायरी म्हणजे नाहरगड. १७३४ मध्ये बांधलेल्या या किल्ल्यावर आमेरच्या बाजूने मोटारीने जाता येते. पण जुन्या शहरातून थेट वर चढणारी फरसबंदीची वाट चालणाऱ्यांसाठी उत्तम. ही वाट वळणावळणाची आणि चांगली खडी आहे. या डोंगरांत बिबटे आहेत, त्यामुळे अंधारात किंवा एकट्याने जाऊ नये.

रजईचा धडा

जयपूरला आलेले कुटुंब रजई घेतल्याशिवाय परतत नाही. ही रजई हातात घेतली तर पिसासारखी हलकी, पण अंगावर घेतली की काही वेळातच ऊब देते. कापूस पुन्हा पुन्हा पिंजून इतका फुलवलेला असतो की थोडक्या कापसाच्या तंतूंत भरपूर हवा अडकून राहते. ऊब देते ती ही अडकलेली हवा. जाडजूड गोधडीपेक्षा हलकी रजई उबदार वाटते, ती म्हणूनच.

बर्फातल्या कपड्यांचे तत्त्वही हेच आहे. एकच जाड कोट घालण्याऐवजी कपड्यांचे तीन थर ठेवावेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट. थरांमधली हवा उबेचे काम करते. चढताना घाम येऊ लागला की एक थर उतरवायचा, थांबले की पुन्हा चढवायचा.

मात्र जयपूरचा कापूस जयपुरातच ठेवावा. इथली थंडी कोरडी असते, म्हणून कापूस इथे राजा. बर्फात तो घामाने आणि ओलाव्याने भिजतो, भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातली उष्णता ओढून घेतो. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स हे तिघे बर्फातले शत्रूच समजावेत. मोज्यांचा आणि हातमोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून ठेवावा.

खाऊच्या बाबतीत मात्र जयपूरवर पूर्ण विश्वास टाकायला हरकत नाही. हिवाळ्यात इथल्या बाजारात गजक आणि तिळपापडीचे ढीग लागतात. गूळ, साखर आणि तीळ म्हणजे थंडीत लागणारी ताकदच. पिशवीत चिरडले तरी खाता येतात, शिजवावे लागत नाहीत. घरचे डिंकाचे लाडू सोबत असतील तर मग विचारायलाच नको.

उंचीचे गणित

पहिल्यांदाच हिवाळ्यात बर्फ तुडवायचा असेल तर अनेक जण उत्तराखंडातील केदारकंठाची निवड करतात. शिखराची उंची सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. पायथ्याचे सांक्री गाव उत्तरकाशी जिल्ह्यात, सुमारे १,९५० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आणि अरवलीतील सर्वांत उंच गुरुशिखराची १,७२२ मीटर. म्हणजे महाराष्ट्र आणि राजस्थान यांचे माथे जिथे संपतात, त्याच्याही वर या वाटेचा पायथा आहे.

जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटरवर. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने जयपुरात पहाटे आठ अंश असतील, तर केदारकंठाच्या माथ्यावर उणे चौदाच्या आसपास थंडी असू शकते. त्यात वारा सुटला तर ती आणखी बोचते. माथ्यावर हवेचा दाबही समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षा थोडा कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू तितकाच कमी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रोज गढगणेश चढणाऱ्याला उंचीचा त्रास होणार नाही, असे नाही. सरावाने पाय आणि छाती मजबूत होतात, पण विरळ हवेची सवय शरीराला फक्त वेळ देऊनच होते. साधारण अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही, अगदी तगड्या तरुणालाही, डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असो वा दिवस, आजाऱ्याला ताबडतोब खाली आणावे. उशीर जिवावर बेततो. गोळ्या घ्यायच्या तर निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर बेत आखण्याआधीच डॉक्टरांना भेटावे.

तीन हजार मीटरच्या वर एका दिवसात मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे जाणकार सांगतात. सुट्ट्या मोजून बेत आखणारे नेमके इथेच फसतात. शनिवारी निघून पुढच्या रविवारी घरी, सोमवारी कचेरी, असा घट्ट हिशेब केला की डोके दुखले तरी कोणी बोलत नाही. आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडेल, ही भीती असते. म्हणून सामानाच्या यादीत सर्वांत वर लिहावा एक राखीव दिवस. तो लागला नाही तर सांक्रीच्या लाकडी घरांमध्ये निवांत घालवता येतो. लागला तर त्याचे मोल पैशात सांगता येणार नाही.

आभाळाची मर्जी

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची सावली डोळ्यांदेखत सरकते, एका मिनिटात सुमारे चार बोटे. हिवाळ्यातला दिवस किती भरभर सरतो, हे तिथे उभे राहून समजते. डोंगरात तर तो आणखी मौल्यवान. म्हणून केदारकंठाच्या माथ्याकडे जाणारे पहाटेच्या अंधारातच निघतात आणि दुपार होण्याआधी उतरू लागतात.

आभाळ बिघडले तर उंची किती, हे विचारले जात नाही. ११ जुलै २०२१ रोजी आमेरच्या किल्ल्यासमोरच्या टेकडीवरील बुरुजावर वीज कोसळली आणि पाऊस पाहायला गेलेल्यांपैकी अकरा जणांचा बळी गेला. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल परिसरात वादळी बर्फवृष्टीत सापडून कर्नाटकातील नऊ गिर्यारोहकांचा अंत झाला, तोही ऐन उन्हाळ्यात. हिवाळ्यात तर सावधगिरी दुप्पट हवी. हवामानाचा अंदाज रोज पाहावा, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर त्याचे ऐकावे. घरून निघतानाच सर्वांनी ठरवून घ्यावे की एक जण आजारी पडला तर त्याला एकटे मागे सोडायचे नाही आणि परत फिरणाऱ्याला कोणी हसायचे नाही.

कसे जाल?

जयपूरहून रेल्वेने हरिद्वार, तिथून डेहराडून. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी मार्गे सांक्री सुमारे २०० किलोमीटर. घाटरस्ता असल्याने पूर्ण दिवस लागतो. हा परिसर गोविंद वन्यजीव अभयारण्यात येत असल्याने वनखात्याची परवानगी आणि ओळखपत्र लागते. वाटेत पाइन आणि ओकची जंगले, गोठलेला जुडा का तालाब आणि माथ्यावरून स्वर्गारोहिणी व बंदरपूंछ ही शिखरे दिसतात. डिसेंबर ते मार्च बर्फ भेटतो.

गढगणेशाच्या पायऱ्यांवर रोज येणाऱ्या आजोबांना वर पोहोचण्याची घाई नसते. दम लागला की ते कठड्याला टेकतात, खालच्या शहराकडे पाहतात आणि श्वास बसला की पुढची पायरी चढतात. एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरला तर अर्ध्यावरूनच हात जोडून उतरतात. उद्या पुन्हा यायचे आहे, हे त्यांना ठाऊक असते. बर्फाच्या वाटेला निघणाऱ्यांनी जयपुरातून हे एवढे जरी शिकून घेतले, तरी निम्मी तयारी झाली. शिखर कुठे जात नाही. घरी मात्र कोणीतरी वाट पाहत असते.