सोळा ओळींचे अक्षर

काळ्या पडद्यावर हुकूम टंकून यंत्राकडून काम करवून घेणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे, त्यांची दृष्टी दिवसाचे आठ-दहा तास अक्षरांच्या ज्या एका वळणावर खिळलेली असते, त्या वळणाची निवड त्यांतील बहुतेकांनी स्वतः कधी केलेलीच नसते, याचे सर्व्हरांची देखभाल करीत असताना मला वारंवार वाईट वाटत आले आहे.

आजचे बहुतेक फाँट वक्ररेषांचे असतात. रेषेचे गणित साठवून ठेवायचे आणि कोणता ठिपका उजळायचा याचा निवाडा ऐनवेळी यंत्रावर सोपवायचा, अशी त्यांची तजवीज. बिटमॅप फाँटात तो निवाडा मनुष्याने आधीच केलेला असतो. ग्नू युनिफाँटमधील रोमन 'ए' पाहावा: आठ ठिपके रुंद आणि सोळा ओळी उंच अशी जाळी, म्हणजे अवघे सोळा बाइट. वरच्या चार ओळी कोऱ्या. पाचवीत मधोमध दोन ठिपके. पुढे दोन-दोन ओळींनी फाकत जाणारे पाय. दहावीत सहा ठिपक्यांची सलग आडवी दांडी. मग चार ओळी सरळ उतरणारे पाय आणि तळाशी दोन ओळींचे रिकामे अंतर. करड्या छटेचा अर्धवट ठिपका येथे एकही नाही. आणि बारीक आकाराच्या अक्षरात जेथे एकचा आकडा आणि रोमन 'एल' यांतील भेद डोळ्याला तत्काळ पटावा लागतो, तेथे या स्पष्टतेचे मोल मला सर्वांत अधिक वाटते.

बल्गेरियाच्या दिमितर झेकोव यांचा टर्मिनस हा माझा नित्याचा फाँट. त्याची सहा बाय बारापासून सोळा बाय बत्तीसपर्यंत नऊ मापे आहेत आणि प्रत्येक माप स्वतंत्रपणे रेखाटलेले आहे. म्हणून सोळा ठिपक्यांचा फाँट सतराचा मागू नये. टर्मिनलाच्या खिडकीत मात्र माप बहुधा पॉइंटांत मागितले जाते, आणि इंचाला 96 ठिपके धरले तर सोळा ठिपके म्हणजे बारा पॉइंट, हा हिशेब ज्याने केला नाही त्याला अक्षर विस्कटलेले दिसते व तो दोष विनाकारण फाँटाच्या माथी मारतो. फाइल आपल्या फाँटांच्या फोल्डरात ठेवून एफसी-कॅश हा हुकूम चालवला की नोंद होते खरी. परंतु काही लिनक्स वितरणांत बिटमॅप फाँटांना मनाई करणारा नियम मुळातच घातलेला असतो, तो आधी उठवावा लागतो. शिवाय 2019 साली पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीच्या 1.44 आवृत्तीने जुन्या पीसीएफ स्वरूपाचा आधार काढून घेतल्यापासून अनेक टर्मिनलांत तीच अक्षरे ओटीबी स्वरूपात आणल्यावाचून दिसत नाहीत. ठिपके तेच, वेष्टन तेवढे निराळे.

खिडकीवाचूनच्या कन्सोलचा कारभार वेगळा. तेथे पीएसएफ फाइल लागते आणि सेटफाँट हा हुकूम. एकदा मी मोठ्या हौसेने बत्तीस ओळींचा फाँट बसवला, आणि यंत्र पुन्हा सुरू करताच दोन-चार क्षण तो दिसून नाहीसा झाला; तीनदा तसेच घडल्यावर ध्यानात आले, की चित्रपटलाचा ड्रायव्हर माझ्या फाँटानंतर दाखल होतो आणि कन्सोल नव्याने मांडतो. क्रम बदलला, अक्षरे टिकली.

या कन्सोलच्या फाँटात जास्तीत जास्त 512 आकृत्या मावतात, आणि आपली देवनागरी अडते ती केवळ या संख्येपाशी नव्हे. वेलांटी ऱ्हस्व असेल तर ती साठवणीत व्यंजनामागून येते पण लिहायची त्याच्या आधी. जोडाक्षर तर एकाच घरात बसायला तयार नसते. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट या तंत्राने हा प्रश्न संगणकात बसवायच्या स्वतंत्र कार्डाच्या साहाय्याने सोडवला होता, त्याची मला आजही आदराने आठवण होते. मध्यंतरी मी सोळा बाय सोळाच्या जाळीत 'क' रेखाटला. शिरोरेषा दोन्ही कडांपासून एकेक ठिपका आत घेतली, तेव्हा अक्षर एकटे सुबक दिसले. 'कमळ' लिहिले, तेव्हा रेषा दोन ठिकाणी तुटली. मग ती अगदी काठापर्यंत नेली.