पी.टी.च्या तासाला गणित नको!

"डॉक्टर, याला पी.टी.तून सूट मिळेल असं सर्टिफिकेट द्या ना." जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ही मागणी माझ्याकडे हमखास येते. मूल आठ-नऊ वर्षांचं असतं. काय होतं असं विचारलं, तर "ऊन सोसत नाही", "लगेच दमतो", "आधीच बारीक आहे, आणखी वाळेल" अशी उत्तरं मिळतात. तपासल्यावर बहुतेक मुलं ठणठणीत निघतात. मी सर्टिफिकेट देत नाही, पण पालकांना पाच मिनिटं बसवून समजावतो. तेच आज तुम्हालाही सांगायचं आहे.

मुलांना किती व्यायाम लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी. ही हालचाल धाप लागेल, घाम येईल अशी असावी. आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात धावणं, उड्या मारणं असे हाडांना आणि स्नायूंना बळकटी देणारे प्रकार असावेत. याच संघटनेने २०१६ सालच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा, की जगात ११ ते १७ वयोगटातल्या दर पाच मुलांमागे चार मुलांची एवढी हालचाल होत नाही. ही सवय अकराव्या वर्षी अचानक मोडत नाही. ती पहिली ते पाचवीत लागलेलीच नसते.

याच वयात का?

१. हाडं: आयुष्यभर पुरणारा हाडांचा साठा बहुतांशी विशीपर्यंत तयार होतो. उड्या आणि धावणं यांनी हाडांवर येणारा ताण हेच त्यांचं खत. साठीत मांडीचं हाड मोडतं, तेव्हा त्याची सुरुवात कधीकधी बालपणात झालेली असते.

२. साखर: "बारीक आहे, त्याला कशाला व्यायाम?" हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसलं, की भारतीय बाळं वजनाने लहान असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त आणि स्नायूंचं कमी असतं. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. म्हणजे बारीक दिसणाऱ्या आपल्या मुलांना स्नायू कमवण्याची गरज उलट जास्तच आहे. पस्तिशीत मधुमेह घेऊन येणारे रुग्ण मी आता वरचेवर पाहतो.

३. डोळे: मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवण्याची मोहीम राबवली. त्यानंतर नजर कमी असलेल्या मुलांचा वर चढत गेलेला आकडा काही वर्षांत खाली वळला.

४. कौशल्य: चेंडू झेलणं, नेम धरून फेकणं, तोल सांभाळणं हे या वयात सहज येतं. दहाव्या वर्षीही ज्याला चेंडू झेलता येत नाही, तो हसं होईल या भीतीने खेळच टाळू लागतो.

कायदा आणि पैसा

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं म्हटलं आहे. शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद मात्र फक्त सहावी ते आठवीसाठी आहे, तीही शंभराहून जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीला खेळाचा वेगळा शिक्षक कायद्याने दिलेलाच नाही. ज्या वयात पाया घालायचा, तिथेच माणूस नाही.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. शाळेत १०० मुलं असतील, तर मुलामागे ५० रुपये. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. म्हणजे रोजचे २५ पैसे!

इंग्लंडने २०१३ पासून प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी दिला. २०१७ मध्ये तो दुप्पट झाला आणि त्यासाठी साखरेच्या शीतपेयांवरील कराचा आधार घेतला गेला. आपल्याकडे याचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण तिथला आणखी एक धडाही महत्त्वाचा आहे. अनेक शाळांनी पैसे देऊन बाहेरचे प्रशिक्षक आणले. प्रशिक्षक गेले की वर्गशिक्षक होते तिथेच राहिले. म्हणून पैसा आधी आपल्याच शिक्षकांना शिकवण्यावर खर्च व्हायला हवा.

बिनपैशाचा मार्गही आहे. स्कॉटलंडमधल्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये मुख्याध्यापिकेने रोज १५ मिनिटं सगळ्या मुलांना पळायला किंवा चालायला बाहेर काढणं सुरू केलं. गणवेश बदलायचा नाही, शर्यत नाही, साहित्य नाही. 'डेली माइल' या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत पोचला. आपल्याकडे तर लंगडी, लगोरी, खो-खो आहेतच.

पालकांनी काय करावं?

• वेळापत्रकात खेळाचे तास किती आहेत ते पाहा. मग मुलाला विचारा, त्यातले किती खरोखर झाले. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी याच तासाचा जातो.
• सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. क्रीडा अनुदान आलं का, त्यातून काय घेतलं, हे तिथे विचारा. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघात विचारा.
• चेंडू कपाटात कुलूपबंद नकोत. ते मुलांच्या हातात हवेत.
• खेळ फक्त शाळेच्या संघातल्या दहा-बारा मुलांसाठी नको. मागे राहणाऱ्या मुलाला त्याची जास्त गरज आहे.
• शिक्षा म्हणून खेळाचा तास बंद करू नये, असं शाळेला नम्रपणे सांगा.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

खेळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागणं, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी करून घ्या. दमा असलेल्या मुलांनी मात्र खेळ सोडू नये. योग्य औषध आणि इनहेलर घेऊन ती उत्तम खेळू शकतात. कडक उन्हात तास सकाळी ठेवावा आणि पाण्याची बाटली जवळ असावी.

पुढच्या पालकसभेत मार्कांबद्दल जरूर विचारा. पण त्याआधी एवढंच विचारा: "माझं मूल या आठवड्यात शाळेत किती वेळ धावलं?"