दगड भिजला, मामा!

देगलूरहून निघालेली गाडी पटनचेरू, मियापूर मागे टाकते तेव्हा आपल्याकडची निम्मी माणसे उठून पिशव्या शोधू लागतात. पुढे कुकटपल्ली येते. आपल्या सीमाभागातल्या अनेक घरांचे एखादे तरी माणूस आता तिथे राहते. माझी धाकटी बहीण तिथल्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत संसार करते. भाचा बारा वर्षांचा आणि भाची नऊची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि जिन्यात तेलुगू अशा तीन भाषांत दोघे भांडतात.

गेल्या मे महिन्यात परीक्षेचे पेपर तपासून झाले आणि मी चार दिवस तिकडे गेलो. रविवारी सकाळी भाच्याला घेऊन मासळीबाजारात गेलो. तेलंगणचा लाडका कोरमीनू, म्हणजे आपला मरळ, टोपल्यांत वळवळत होता. शेजारच्या घमेल्यात काळसर, लांब मिशांचे मासे होते.

"मामा, ह्याला मिशा कशाला?" भाच्याने विचारले.

मी सांगितले, हा तळाशी राहणारा मासा. तिथे अंधार आणि गाळ, डोळ्यांना फारसे दिसत नाही. म्हणून तो मिशांनी चाचपडतो आणि मिशांनीच चवही घेतो. जीभ तोंडाबाहेर लोंबत असावी तसे काहीसे. त्याच्या अंगावर खवले नसतात आणि कातडीलाही चव कळते. आपल्याकडच्या नदीत मिळतो तो शिंगाडा ह्याच्याच गोतातला. पोराचा विश्वास बसेना. मग मामाच्या तोंडून जायचे ते वाक्य गेलेच, "चल, तुला गळाने पकडून दाखवतो."

दुपारी जेवताना बेत ठरू लागला. मांजरा नदी, धरणाच्या खालचा डोह, संध्याकाळची वेळ. बहिणीचा हात पोळीवरच थांबला. "धरणाच्या खाली? मुळीच नाही, दादा."

तिचे कारण मला ठाऊक होते. 8 जून 2014 रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले 24 विद्यार्थी वाहून गेले. वरच्या लार्जी धरणातून पाणी सोडले गेले होते. पायाखाली कोरडे खडक होते तिथे काही मिनिटांत लोंढा आला. ती मुले हैदराबादच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली, ते कुकटपल्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे. बहीण तेव्हा नुकतीच तिथे राहायला आली होती. सहलीच्या बसमध्ये हसत बसलेली मुले परत आली नाहीत, ही गोष्ट त्या भागातल्या आयांनी मनात कायमची बांधून ठेवली आहे. तिला भित्री म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पण मला आमचे अण्णा आठवले. लहानपणी ते मला गावाजवळच्या एका बंधाऱ्याखाली गळ टाकायला न्यायचे. गळाला गांडूळ लावण्याआधी ते एक काम न चुकता करीत. मुठीएवढा कोरडा, पांढरा दगड शोधून पाण्याच्या कडेपासून चार बोटे वर ठेवीत. म्हणत, "माशाकडे मी बघतो. तू दगडाकडे बघ. दगड भिजला की गळ, मासा, चप्पल, काही बघायचं नाही. वर पळायचं." एकदा तो दगड खरोखरच भिजला. कुणी तरी वरून दारे उघडली होती, इशारा काही झाला नव्हता. आम्ही काठावर पोहोचून मागे वळून पाहिले तेव्हा आमची बसायची जागा पाण्यात होती. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. घरी मात्र त्यांना पाणी पिताना ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना.

ही गोष्ट मी बहिणीला कधीच सांगितली नव्हती. ती ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "आधी मुलांना दगडाची गोष्ट सांग, गळाची नंतर. आणि मीही येणार."

जागेचा प्रश्न होताच. सिंगूर धरण हैदराबादला जवळ, पण त्याच्या खालचे मांजराचे पात्र अभयारण्यात येते. तिथे मगरी आहेत आणि मासेमारीला मनाई. म्हणून आम्ही निजामसागर गाठायचे ठरवले. हैदराबादहून सुमारे दीडशे किलोमीटर. नबाब अली नवाज जंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली 1923 ते 1931 या काळात बांधलेले हे धरण. गाडीत मी मुलांना नदीची कुळकथा सांगितली. ही बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर-बिदरकडून तेलंगणात शिरते आणि शेवटी आपल्या नांदेडची हद्द धरून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. हैदराबाद 1965 पासून हिचे पाणी पीत आले आहे आणि 2016 च्या दुष्काळात हिच्याच काठच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

"म्हणजे आपल्या नळातली आणि ही नदी एकच?" भाचीने विचारले. तिच्या लेखी पाणी टाकीतून येत होते. नदी म्हणजे पुस्तकातली निळी रेघ.

धरणावर पोहोचल्यावर आधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले. पाणी सोडायचे नाही, असे त्याने सांगितले. मग तिथल्याच एका वयस्कर मच्छीमाराला गाठले. नदीतला मासा ही त्या लोकांची भाकरी, त्यांना न विचारता गळ टाकणे बरे नव्हे. मुलांनी "ताता, ताता" करीत तेलुगूत त्याला लगेच आपलासा केला. मीच तिथे परका झालो. जागा त्याने दाखवली, चढायची वाटही त्यानेच दाखवली. पात्राच्या मधल्या खडकांवर जायचे नाही, हा त्याचा पहिला शब्द.

धरणाखालीच मासे का, हेही त्याने समजावले, भाच्याने मला मराठीत सांगितले. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. भिंत आडवी येते आणि ते तिथेच घुटमळतात. शिवाय वरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते आणि खायलाही वाहून येते. शिंगाड्याला तेलुगूत जेल्ला म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. भाच्याने विचारले, "हाच का तो मांस खाणारा, बंदी असलेला?" म्हातारा चिडलाच. बंदी आहे ती परदेशी मागुरावर. तो इथल्या माशांचा फडशा पाडतो म्हणून केंद्र सरकारने 2000 सालीच त्याचे पालन बंद केले. हा शिंगाडा इथलाच, नदीचा जुना रहिवासी.

सूर्य कलला. भाच्याच्या हातात गळ, भाचीच्या वाट्याला दगड. तिला हे काम दुय्यम वाटेल अशी भीती होती, पण ती परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी दगडासमोर उकिडवी बसली. अर्धा तास गेला. बूच हलेना. मग ते एकदम खाली गेले. काठी वाकली. पाण्यात पिवळट पोट चमकले, लांब मिशा दिसल्या. भाचा ओरडू लागला, मीही ओरडू लागलो. वय चाळिशी पार, नोकरी प्राध्यापकाची, पण त्या क्षणी मी दहा वर्षांचा होतो.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "मामा, दगड भिजला."

मी म्हणालो, "थांब, एक मिनिट." हे शब्द मी उच्चारले, ते लपवत नाही. मासा काठापासून दोन हातांवर होता.

"मामा, दगड भिजला!" यावेळी तिने माझ्या हातातले फडके ओढले आणि ती स्वतः वाटेला लागली. ते पाहून मी भानावर आलो. भाच्याच्या हातातून काठी सोडवली, त्याला दंडाला धरले आणि आम्ही वर चढलो. काठी घसरत पाण्यात गेली आणि शिंगाडा तिला घेऊन डोहाच्या मध्याकडे निघून गेला.

वरून पाहिले. पाणी सुटलेले नव्हते. पलीकडच्या बाजूने दहा-बारा म्हशी डोहात उतरल्या होत्या. त्यांच्या लाटा काठाला लागल्या आणि दगड ओला झाला. म्हातारा हसत सुटला. भाचा मात्र रडू लागला. आयुष्यातला पहिला मासा म्हशींमुळे गेला होता. तो बहिणीला म्हणाला, "हिने उगाच घाबरवलं."

भाचीचे तोंड एवढेसे झाले. मी काही बोलण्याआधी म्हातारा हसायचा थांबला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. भाच्यालाच त्याचे मराठी करावे लागले. डोळे पुसत तो पुटपुटला, "तो म्हणतोय, लाट म्हशीची का धरणाची, हे दगडाला कळत नाही. म्हणून पळायचं असतं."

परतीच्या वाटेवर मला एकच गोष्ट टोचत होती. अण्णांनी मला शिकवलेला नियम ऐन वेळी मी मोडला होता आणि नऊ वर्षांच्या मुलीने पाळला होता. मोठ्या माणसाला "एक मिनिट" म्हणायची सवय असते. मोबाइल, मासा, फोटो, काहीही हातात असले की आपण पाण्यालाही थांबायला सांगतो.

बहीण सगळा वेळ वरच्या काठावर उभी होती. गाडीत तिने मला एकही टोमणा मारला नाही. जोगीपेठ मागे पडले तेव्हा मुले एकमेकांच्या अंगावर झोपली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, पुढच्या सुट्टीत पुन्हा नेशील? पण दगडापाशी हिलाच बसव."

कुकटपल्लीला पोहोचल्यावर भाचीला उचलून घेताना तिच्या मुठीत काहीतरी टणक लागले. तिने तो दगड सोबत आणला होता. आता तो त्यांच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या नळाशेजारी ठेवलेला आहे.