मुखवट्याचे लांछन

अण्णांच्या निधनाला वर्ष झाल्यावर इंदापूरच्या घरातील माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरली. साखर कारखान्याच्या यंत्रांची जुळणी करण्यासाठी अण्णा दोन वर्षे टांझानियात राहिले होते. पेटीत त्यांची मोजपट्टी, चष्म्याचे घर आणि 1984 सालच्या स्वाहिली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लाकडी मुखवटा निघाला. वरचा ओठ पुढे आलेला, त्यात चकती बसवलेली, गालांवर आणि कपाळावर कोरलेल्या रेघा.

आई दोन पावले मागे सरकल्या. "हे भेसूर घरात नको. देऊन टाक कुणाला तरी."

"अण्णांनी इतकी वर्षं जपलंय, आई."

"जपलं, पण कधी दाखवलं नाही." क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "आणि याचं लांछन काय?"

प्रश्न रागाचा असला तरी नेमका होता. तीर्थंकरांच्या मूर्तींचे चेहरे सारखेच शांत असतात. वृषभ दिसला की आदिनाथ, सिंह दिसला की महावीर, हे आईंनी लहानपणीच शिकून घेतले होते. ज्याची खूण ठाऊक नाही त्याच्याशी ओळख कशी व्हावी? लेकीने महिनाभराची मुदत मागितली आणि मुखवटा घेऊन ती बारामतीला परतली.

तेथून तिचा शोध पुस्तकांकडे वळला. पहिली निराशा एका प्रसिद्ध ग्रंथानेच केली. कार्ल आइनस्टाइन या जर्मन लेखकाने 1915 मध्ये आफ्रिकी शिल्पांवर पुस्तक काढले आणि त्या शिल्पांकडे कला म्हणून पाहायला लावले. मात्र त्यातील छायाचित्रांखाली ना गाव, ना जमात, ना प्रयोजन. चेहरे होते, ओळख नव्हती. फ्रँक विलेट यांचे 1971 चे 'आफ्रिकन आर्ट' मात्र पायरीपायरीने शिकवणारे निघाले. नायजेरियातील इफे येथे उत्खनन केलेल्या या अभ्यासकाने वस्तूला तिच्या मातीत आणि काळात ठेवून पाहिले आहे. रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांच्या 1974 च्या 'आफ्रिकन आर्ट इन मोशन'ने आणखी एक गैरसमज दूर केला. मुखवटा भिंतीसाठी नसतो. वेश, वाद्य आणि नाचणारे शरीर मिळून तो पूर्ण होतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात संबळाच्या तालावर नाचणारी सोंगे आठवली की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हळूहळू खूण पटली. मुखवटा टांझानिया आणि मोझांबिकच्या सीमाभागातील मकोंदे लोकांच्या धर्तीचा होता. मुलामुलींच्या वयात येण्याच्या विधींनंतर तेथे मुखवटे घालून नाच होतो. शिरस्त्राणासारखा तो मुखवटा डोक्यावर तिरपा बसवतात आणि नाचणारा त्याच्या तोंडातून बाहेर पाहतो. ओठातली चकती हे मकोंदे स्त्रियांचे जुने भूषण. गालांवरच्या रेघा म्हणजे तेथील गोंदण.

झॅकरी किंग्डन यांचे 2002 चे पुस्तक मकोंदे शिल्पकारांवरच आहे. त्याच्या नावात 'सैताने' असल्यामुळे ते आईंना सांगण्याचे लेकीने टाळले. बाजारासाठी घडवलेल्या शिल्पांमागेही कारागिराची कल्पना आणि प्रतिष्ठा असते, हे त्यातून तिला उमगले. अण्णांच्या मुखवट्याची आतली बाजू कोरी होती. घामाने काळवंडलेली नव्हती. तो कुणी घातलेला नव्हता, विकण्यासाठीच केलेला होता. तिला थोडे वाईट वाटले, मग बरेही वाटले. कुणाच्या विधीतून तो उचलून आणलेला नव्हता.

महिन्यानंतर इंदापूरला तिने पुस्तकातले छायाचित्र आईंसमोर ठेवले. चकती ल्यालेली एक वृद्धा, चेहराभर गोंदण. आई बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीवरच्या हिरव्या ठिपक्यांकडे गेला.

"म्हणजे ही बाई नटलेली आहे," त्या म्हणाल्या. "मी उगीच भ्याले."

मग त्या माहेरचे बोलू लागल्या. त्यांचे जुने पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते, माणसे होड्यांतून पाहायला जातात. "कोरीव दगड पाहून सगळे छान म्हणतात. कुणी कोरलं, ते पाण्याआधीही कुणाला ठाऊक नव्हतं." लेकीने पुढच्या खेपेस ग. ह. खरे यांचे 'मूर्तिविज्ञान' आणण्याचे कबूल केले. 1939 पासून मराठी वाचकांना मूर्तींच्या खुणा शिकवणारे ते पुस्तक घरात असायला हवे होते, असे दोघींनाही वाटले.

रात्री लेकीने एका जाड कागदावर लिहिले: मकोंदे धर्ती. ओठातली चकती हे स्त्रीचे भूषण. विक्रीसाठी घडवलेला. अण्णांनी टांझानियाहून आणला. घडवणाऱ्याचे नाव.

तेथे ती थांबली. ते कोणत्याही पुस्तकात नव्हते आणि ज्यांना विचारता आले असते ते आता नव्हते. ती ओळ खोडू लागली, तेव्हा आईंनी तिचा हात धरला.

"खोडू नको. जागा रिकामी राहू दे. कुणीतरी होता, एवढं तरी कळेल."

मुखवटा अण्णांच्या फोटोशेजारच्या कपाटात ठेवला गेला. कागद त्याच्याखाली, समोरून वाचता येईल असा.