उघडमिटीच्या जागा

शिनोली. घोडेगावहून डिंभ्याकडे निघालं की भीमाशंकर रस्त्यावर लागणारं गाव. या पट्ट्यातल्या जुन्या घरांतून निघून चाललेल्या रंगीत लाकडाची ही यादी. एखाददुसरी वस्तू पत्र्याचीही आहे.

गणेशपट्टी. थोरल्या दाराच्या चौकटीवरची. मधोमध गणपती, दोन्हीकडे कमळाच्या वेली. कोरीव काम सागवानात, वरून रंग. दिवाळीच्या सफाईत जुन्यावरच ऑइलपेंटचा नवा हात बसायचा, त्यामुळे सोंडेची वळी बुजत गेली आणि डोळे तेवढे पांढऱ्या ठिपक्यांनी पुन्हा काढले गेले. स्लॅबच्या घराला ग्रॅनाइटची चौकट आली, वर छापील टाइल. गणपती राहिला, सुतार गेला.

संदूक. माजघरात भिंतीला टेकून. आत लुगडी, दागिने, जमिनीचे कागद. फुलं आणि स्वस्तिक समोरच्या फळीवर, कोयंड्याच्या आजूबाजूला. मागची फळी कोरी, तिकडे कोण बघतंय!

मंगोलियातल्या यर्टमध्ये, म्हणजे तंबूच्या घरात, अशीच पेटी असते, अवदार. दारासमोरच्या मानाच्या जागी ती ठेवतात, वर देव आणि घरच्यांचे फोटो. नारिंगी-तांबड्या रंगावर कमळ, शंख, जोडमासे आणि सुरुवात-शेवट नसलेली गाठ, म्हणजे आपलं श्रीवत्स. रंगकाम बहुतेक दर्शनी बाजूलाच. बौद्ध धर्माबरोबर ही मंगल चिन्हं भारतातून तिबेटमार्गे तिकडे पोचली. त्यांची भावंडं शेजारी जुन्नरला आहेत. मानमोडी डोंगरातल्या भूतलेणीच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे, आणि तो दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने दान दिल्याचा लेखही तिथेच आहे. जुन्नरच्या लेण्यांमधल्या शिलालेखांना स्वस्तिक आणि नंदिपदाची सोबत असते. दान द्यायचं तर दाराला, आणि लक्ष्मी बसवायची तीही दारावर, हा हिशेब तेव्हाही पक्का होता.

पत्र्याची ट्रंक. नवरीबरोबर सासरी आलेली. झाकणावर गुलाब, पुढे नवरीचं नाव, पेंटरने घाईने काढलेलं. काही ट्रंकांवर पोपटांची जोडी. आता चाकांची बॅग येते आणि तिच्यावर कंपनीचं नाव असतं.

पाळण्यावरचं खेळणं. बाळाच्या तोंडावर फिरणाऱ्या लाकडी चिमण्या आणि पोपट, लाखेने रंगवलेले. या कामाचं मोठं घर कोकणात, सावंतवाडीच्या चितारआळीत. पाट, चौरंग आणि देव्हारे तिथेच रंगतात, आणि दशावतारी गंजिफाही: 10 अवतार, 120 पानं. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ही कला जगवली. पाळण्यांवर मात्र आता प्लॅस्टिकची, सेलवर गाणारी फुलं फिरतात.

रंगीत पाट. मुंजीचा, हळदीचा, केळवणाचा. मध्ये कमळ, म्हणजे बसणाऱ्याला काही काळ देवाची जागा. गुडघे कुरकुरू लागले, खुर्च्या आल्या.

शर्यतीचा गाडा. यादीत घातलेला आणि परत काढलेला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली. शर्यतींचे घाट पुन्हा भरू लागले. बैल नेणाऱ्या पिकअपच्या मागच्या फळीवर आज जे रंगतं, बैलाचं तोंड, देवाचं नाव, नजर लागू नये म्हणून काहीबाही, ते संदुकीवरच्या स्वस्तिकाचंच काम करतं.

यादी वरून खाली वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. रंग सगळीकडे नव्हता. जिथून काही आत येतं, बाहेर जातं, नव्याने सुरू होतं, तिथेच तो होता: दार, कोयंडा, पाळणा, लग्नाचा पाट. शोभा नंतरची, आधी राखण.

म्हणून जुन्या सामानाचा व्यापारी चौकट घेऊन जातो तेव्हा लाकूड वाचतं, बाकी सुटतं. हॉटेलच्या भिंतीवर आडवी टांगलेली गणेशपट्टी ही नुसती नक्षी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दरवाजे जपून ठेवलेत, ते बरंच झालं. पण ज्यांच्या घरी अजून काही उरलंय त्यांनी विकण्याआधी चार ओळी लिहून ठेवाव्यात: कोणत्या दारावर होती, दार कोणत्या दिशेला होतं, आत काय ठेवत, रंग कधी देत. लाकूड कुठलं आणि किती जुनं, ते व्यापारी सांगेलच.