खर्जाच्या नोंदी

शेंडी, भंडारदरा. ऑगस्ट.

सकाळपासून पाऊस. पत्र्यावरचा तडतडाट वरच्या पट्टीतला. त्याच्याखाली धरणाकडून येणारी एक अखंड घूं आहे, हे सर जरा ओसरली तेव्हाच कळलं. पाणी सोडलंय. १९१० साली या धरणाचं काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. इथल्या तीन-चार पिढ्या दर पावसाळ्यात या आवाजावर निजल्या असतील.

*

धरणाचा हा खर्ज ऐकून आठवलं, बेस गिटार वाजवणाऱ्या मोहिनी डेबद्दल लिहायचं बरेच दिवस राहून गेलंय. जन्म १९९६, मुंबई. घर बंगाली. वडील सुजॉय डे स्वतः बेस वाजवणारे. त्यांनी मुलीला तिसऱ्या वर्षीच बेस शिकवायला घेतला. बेसच्या तारा जाड, ताणलेल्या. मोठ्या माणसाच्याही बोटांना सुरुवातीला फोड येतात. तीन वर्षांच्या पोरीची बोटं मनात येतात आणि मी तिथेच थांबते.

*

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. हवेतली त्याची लाट आठ मीटरहून लांब. म्हणजे मी बसलेय त्या खोलीत ती मावतसुद्धा नाही. मांडवाबाहेर गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत आणि ठोका मात्र येतो, तो यामुळे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तर खर्ज जवळजवळ येतच नाही. कितीतरी लोकांनी मोहिनीचं वादन पाहिलंय, पण तिचा खालचा स्वर ऐकलेला नाही.

*

मोहिनीचं जपानचं प्रकरण नीट लिहून ठेवते. ‘बीझ’ हा तिथला फार मोठा रॉक बँड. माणसं दोनच: गिटारवर ताक मात्सुमोतो, गायला कोशी इनाबा. १९८८पासून गातायत. ड्रम, बेस, कीबोर्ड यांना ते साथीदार बोलावतात. २०१९ साली त्यांचा ‘न्यू लव्ह’ अल्बम आला आणि त्या वर्षीच्या दौऱ्यात बेसवर मोहिनी होती. वय बावीस-तेवीस. ड्रमवर अमेरिकेचा ब्रायन टिची.

तीस वर्षांची गाणी, प्रत्येक कडवं तोंडपाठ असलेले श्रोते. तिथे नव्या साथीदाराने आपली करामत किती दाखवायची? मोहिनीची बोटं विलक्षण वेगवान आहेत, जगभर तिचं नाव आधी त्यासाठीच झालं. मला मात्र तिने गाण्याखाली धरून ठेवलेले साधे, लांब स्वर जास्त मोलाचे वाटतात. आपल्याकडे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचं हेच काम. मैफल रंगली की तिच्याकडे कोणी बघत नाही. ती उतरली तर गवयाचा सूर पहिल्यांदा हलतो.

*

ज्यांच्या घरी उतरलेय त्या मामांना मोठ्या हेडफोनवर तिचं वादन ऐकवलं. बराच वेळ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “ताई, ह्ये कानाला नाय, छातीला लागतंय. बोहाड्यात रातच्याला संबळ लागतो ना, तसं.”

बोहाडा म्हणजे इकडचा मुखवट्यांचा खेळ. त्यातल्या संबळाचं मोठं भांडं आणि हा बेस. मामांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

*

एक राहिलं. मोहिनी बेसवर बोटं फिरवताना तोंडाने कर्नाटकी बोलही म्हणते, कोन्नक्कोल. आपल्या तबलजींची पढंत आठवा. आधी जिभेवर, मग हातात. ए. आर. रहमान आणि झाकिर हुसेन यांच्याबरोबर वाजवलेल्या मुलीच्या अंगात हे भिनलेलं असणारच. मला वाटतं, जपानी रॉकमध्येही तिचा ठोका इतका पक्का बसतो तो याच तालमीमुळे. पाश्चात्त्य वाद्य, घरात वडिलांची शिस्त, दक्षिणेतले बोल. हे सगळं मुंबईतल्या एका घरात एकत्र झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ती मराठी नाही म्हणून तो तसूभरही कमी होत नाही.

*

२०२३ साली तिचा स्वतःचा अल्बम आला, नाव ‘मोहिनी डे’. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्याखाली उभी राहिल्यावर स्वतःच्या नावाने.

*

रात्री दहा. पाऊस थांबलाय, वीज गेलीय. घूं चालूच आहे. उद्या रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात जायचंय. तिकडे रेंज नसते म्हणतात. अल्बम आत्ताच उतरवून ठेवते.