पाणी कुठवर आलं?

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना पावसाचे मिलिमीटर विचारत नाहीत. 'दुतोंड्याच्या कुठवर आलं?' एवढंच विचारतात. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दोन तोंडांचा मारुती ही जुन्या गावाची पूरपट्टी आहे. घोट्याला पाणी लागलं तर पोरं फोटो काढायला गंगेवर जातात (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). गुडघ्याला लागलं की काठावरच्या टपऱ्या हलतात. कमरेच्या वर चढलं की सराफ बाजारात, भांडी बाजारात खालच्या फळीवरचा माल पोटमाळ्यावर जाऊ लागतो. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं आता कमी उरली. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर मात्र पुष्कळांना भिंतीवर बोट ठेवून दाखवता येतात.

या प्रश्नात घबराट नसते, हे मला फार आवडतं. नवससायासही नसतो. पाणी कुठवर आहे हे आधी नीट बघायचं, मग काय उचलायचं ते ठरवायचं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडायचं हे भांडी बाजारातल्या दुकानदाराला कुणी विचारत नाही. पितळी पातेली वर चढवायची की नाही, हे मात्र सर्वस्वी त्याच्याकडे असतं.

एपिक्टेटस नावाच्या स्टोइक तत्त्वज्ञाने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी शिकवलं ते जवळजवळ एवढंच. आपलं मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न हे आपल्या ताब्यातलं. शरीर, मालमत्ता, लौकिक, हुद्दा हे नाही. हा गृहस्थ रोममध्ये गुलाम होता, पायाने अधू होता. पुढे सुटका झाली, तर सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांनाच हाकलून दिलं. मग निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही. आरियन या शिष्याने टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. त्याच्या घरातला लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा तो म्हणाला, उद्या मातीचा आणीन; चोर माझ्यापेक्षा जागा राहण्यात हुशार निघाला, एवढंच. स्टोइक मंडळींत माझा भरवसा याच्यावर जास्त. सेनेका थोर खरा, पण गडगंज संपत्तीत बसून गरिबीची स्तुती करणाऱ्याचं ऐकताना माझी भुवई थोडी वर जातेच.

आता अडचणीची गोष्ट. हे शहाणपण स्वतःला सांगितलं तर औषध, दुसऱ्याला सांगितलं तर बरेचदा जखमेवर मीठ.

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. त्या दिवसांत बागा कुठे फुलोऱ्यात असतात, कुठे मणी धरलेले असतात. द्राक्षाचा हिशेब ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं, पुन्हा येईल की फळ. तसं नसतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतर फुटलेल्या काडीत पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होतो. मग फळासाठीची गोडी छाटणी, मग पोंगा म्हणजे कोंब, मग डावणी-भुरी या रोगांच्या धाकाने चाललेल्या फवारण्या. गारांनी घड आणि काडी झोडपली की ते वर्ष गेलं. पुढच्या एप्रिलपासून पुन्हा पहिला पाढा, आणि सोसायटीचं कर्ज मात्र तिथल्या तिथे.

अशा बागेच्या बांधावर उभं राहून 'निसर्गापुढे कुणाचं चालतं?' म्हणणारे मी ऐकले आहेत. वाक्य शंभर टक्के खरं. पण म्हणणाऱ्याचे बूट कोरडे आणि गाडी डांबरी रस्त्यावर. एपिक्टेटसला ही खोड माहीत असावी. रडणारा माणूस दिसला तर त्याच्याशी बोला, वेळ आली तर त्याच्याबरोबर उसासाही टाका, असं तो सांगतो. फक्त आतून उसासू नका, हे पुढचं कलम. हे कलम मला पटत नाही. शेजारच्याची बाग आडवी झाल्यावर आतून ज्याला काहीच होत नाही, त्याच्या स्थितप्रज्ञतेचं मी काय करू? बागायतदार मात्र या वादात पडत नाहीत. नुसता पाऊस असेल तर घडांवरचं पाणी उडवायला ब्लोअर लावतात, गारा असतील तर फाटलेले घड काढून टाकतात, उरलेल्यावर फवारतात. दुपारी कुणीतरी आपली बाग तशीच सोडून दुसऱ्याच्या बांधावर येऊन बसतो. बोलत नाही फारसं.

धीर धरायचा म्हणजे दुःखाचं नाव काढायचं नाही, असं मीही बरीच वर्षं समजत असे. त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आमच्या पांडवलेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख समजून घेतल्यावर ते मत टिकलं नाही. काळ इसवी सनाचं दुसरं शतक, रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसच्या आगेमागे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा. मुलगा गेल्यावर गादीवर आलेला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भदायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दान केलं. लेखात तिची ओळख सत्य, दान, क्षमा, अहिंसा, संयम, उपवास यांत रमलेली बाई अशी आहे. कुठल्याही स्टोइकाने मान डोलवावी अशी यादी. पण त्या यादीच्या आधी ओळीमागून ओळी मुलाच्या आहेत. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. त्याने शक, यवन, पल्हव यांचा पाडाव केला. (याच डोंगरावर पलीकडे एका यवनानेही लेणं कोरवून दिलं आहे, ही गंमत वेगळीच.) शत्रूने अपराध केला तरी जीव घेणं त्याला रुचत नसे. नगरातल्या लोकांचं सुखदुःख तो आपलंच मानी. आणि आईची सेवा त्याने कधी चुकवली नाही.

शेवटचं वाक्य इतिहासकारांच्या कामाचं नाही. ते आईचं आहे.

सेनेकाने मार्सिया नावाच्या बाईला पत्रलेख लिहिला होता: मुलगा जाऊन तीन वर्षं झाली, आता शोक आवर. सेनेका शंभरेक वर्षं उशिरा जन्मला असता तर बलश्रीलाही त्याने असंच कळवलं असतं. तिने ते शांतपणे वाचून बाजूला ठेवलं असतं, आणि पाथरवटाला पुढची ओळ सांगितली असती.